डोंगराची किंमत दहा हजार

प्रधानमंत्री आवास योजनेत खेड्यातल्या घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. डोंगरी राज्ये आणि दुर्गम भाग असेल तर १ लाख ३० हजार. हे दर २०१६ साली योजना सुरू झाली तेव्हाचे. आपल्या राज्याची रमाई आवास योजना बघा, ज्या योजनेत अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना घर मिळते. तिथे सर्वसाधारण क्षेत्राला १ लाख ३२ हजार आणि नक्षलग्रस्त व डोंगराळ क्षेत्राला १ लाख ४२ हजार. दोन्ही वजाबाक्या करून पाहा. उत्तर एकच येते, दहा हजार. म्हणजे दिल्ली आणि मुंबई या दोन्ही सरकारांचे एका गोष्टीवर एकमत आहे की डोंगरावर राहण्याचा खर्च सपाटीपेक्षा दहा हजारांनी जास्त असतो, त्याहून जास्त नाही.

हा आकडा ठरवणाऱ्यांनी वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला यावे, पण पर्यटक म्हणून नको. पाच ब्रास वाळू, चाळीस-पन्नास पोती सिमेंट आणि सळईची भारी घेऊन यावे. मग टेम्पो जिथे थांबतो तिथे उतरावे आणि ते सगळे डोक्यावरून वस्तीपर्यंत न्यावे. मग दहा हजार कुठे संपतात ते कळेल. आमचा अनुभव असा की ते जोत्याच्या आधीच संपतात.

पाचगणी म्हटले की लोकांना टेबललँड आठवते, स्ट्रॉबेरी आठवते, इंग्रजी बोर्डिंगच्या शाळा आठवतात. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात जॉन चेसन यांच्या देखरेखीखाली दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मध्ये हे ठिकाण वसवले. साहेबांना उन्हाळा सोसवेना म्हणून वसवले. पुढे पारशी डॉक्टर बिलिमोरियांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले, शाळा आल्या, सिनेमावाले आले, बंगले आले. सव्वाशे-दीडशे वर्षे लोक इथे पैसे मोजून हवा घ्यायला येतात. पण ज्यांनी या शाळांच्या मेसमध्ये भाकऱ्या थापल्या, बंगल्यांच्या बागा राखल्या, गटारे काढली, घोड्यांची लीद उचलली, त्यांची घरे कुठे आहेत हे कुठल्याही पर्यटन नकाशावर नाही. पाचगणी नगरपरिषदेला स्वच्छ सर्वेक्षणात देशपातळीवरची बक्षिसे मिळाली. आनंद आहे. ती बक्षिसे झाडू धरणाऱ्या हातांनी मिळवली. सफाई कामगारांसाठी राज्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य आवास योजना आहे, तिला पंचवीस वर्षे सेवेची अट आहे. ठेकेदाराच्या हजेरीवर असलेल्या पोराची पंचवीस वर्षे कोण मोजणार?

आम्ही चार-पाच कार्यकर्ते गेल्या हिवाळ्यात या परिसरातल्या वस्त्यांमध्ये एक वही घेऊन फिरलो. मोर्चा नव्हता, निवेदन नव्हते. प्रत्येक घरी दोनच गोष्टी विचारायच्या होत्या. घर बांधायला किंवा टिकवायला काय खर्च येतो, आणि चूल पेटवायला काय खर्च येतो. लोकांना आधी वाटले आम्ही सर्व्हेवाले आहोत, म्हणून प्रत्येकाने आधार कार्डच बाहेर काढले. सरकारने माणसाला किती सवय लावली आहे पाहा, कोणी प्रश्न विचारला की आधी ओळख सिद्ध करायची.

घराचे आधी सांगतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एकोणीस किलोमीटर पूर्वेला पाचगणीत तो अर्ध्याहूनही कमी होतो, पण तो 'कमी' पाऊससुद्धा फलटण-माणच्या माणसाला पुराएवढा वाटेल. जून ते सप्टेंबर बांधकाम बंद. म्हणजे बांधायला नोव्हेंबर ते मे एवढाच काळ हातात. आता घरकुलाचे पैसे कसे येतात ते बघा. हप्त्याहप्त्याने. जोते झाले की फोटो, तो मोबाइलवरून जागेच्या खुणेसह चढवायचा, मग पुढचा हप्ता, छताला आले की पुन्हा फोटो. सपाटीवर हप्ता दोन महिने लांबला तर माणूस दोन महिने थांबतो. डोंगरावर तोच हप्ता मार्चऐवजी मेअखेर आला तर माणूस वर्षभर थांबतो, कारण उघड्या भिंतींवर चार महिने पाऊस कोसळतो आणि अर्धे बांधकाम पुन्हा करावे लागते. एका घरी आम्ही सलग दोन पावसाळे प्लास्टिकच्या कागदाखाली काढलेले कुटुंब पाहिले. पूर्वी पावसाच्या आधी भिंतींना गवताचे झाप बांधत, आता निळा-काळा कागद बांधतात. तो दर वर्षी नवा घ्यावा लागतो आणि तो कुठल्याही योजनेच्या अंदाजपत्रकात नसतो.

वाळूचेही असेच. घरकुलवाल्यांना पाच ब्रास वाळू मोफत, अशी घोषणा सरकारने केली. चांगली घोषणा आहे. पण वाळू नदीत असते आणि नदी खाली असते. ती वर आणायची तर गाडीभाडे वाळूच्याही वरचढ होते. फुकट वाळू घेऊन माणूस कर्जबाजारी झाला हे वाचायला विनोद वाटेल, पण आमच्या वहीत तसे हिशेब आहेत.

आणि हे सगळे ज्याच्या नावावर जागा आहे त्याचे. ज्याला जागाच नाही त्याचे काय? बौद्धवाडा गावठाणाच्या एका टोकाला, दोन पिढ्यांपूर्वी एक घर होते तिथे आता चार चुली. जागा वाढलेली नाही, माणसे वाढली. जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे. तिच्यातून आधी पन्नास हजार मिळायचे, आता एक लाख मिळतात. एक लाखात पाचगणीच्या आसपास पाचशे चौरस फूट जागा दाखवा, आम्ही तुमचा सत्कार करू. इथे जागेचा भाव गावातला माणूस ठरवत नाही, मुंबई-पुण्याचा बंगलेवाला ठरवतो. याच तालुक्यात कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणी गावच्या शेकडो एकर जमिनीच्या खरेदीचे प्रकरण २०२४ मध्ये गाजले आणि कमाल जमीन धारणा कायद्याखाली चौकशी लागली. शेकडो एकर घेणाऱ्याला डोंगर आडवा येत नाही. पाचशे फूट मागणाऱ्याला मात्र सगळे कायदे एकदम आठवून दाखवले जातात.

त्यातला सर्वांत मोठा कायदा म्हणजे १७ जानेवारी २००१ ची अधिसूचना. तिच्याने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला. झाडतोड, उतारावरचे बांधकाम, इमारतीची उंची, सगळ्यावर बंधने आली. इथे आमची भूमिका स्पष्ट असली पाहिजे, कारण यात आपल्या पोरांची दिशाभूल केली जाते. आम्ही या अधिसूचनेच्या विरोधात नाही. डोंगर ढासळला तर पहिल्यांदा उतारावरचे घर जाते आणि उतारावर कोण राहते हे आपल्याला माहीत आहे. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे आणि वाई तालुक्यात देवरुखवाडी इथे काय झाले ते विसरायचे नाही. पण गरिबाच्या घरकुलाचे निमित्त पुढे करून हॉटेलवाल्यांना बंधने सैल करून हवी असतात, आणि आपण त्यांच्या मोर्चाला गर्दी पुरवतो. आपली मागणी वेगळी आहे. बंधने राहू द्या, पण अडीचशे-तीनशे चौरस फुटांच्या घराला परवानगी एका टेबलावर, ठरावीक दिवसांत मिळाली पाहिजे. आणि त्या बंधनांमुळे घराचा जो खर्च वाढतो, म्हणजे जांभा दगड बाहेरून आणावा लागतो, लाकूड विकत घ्यावे लागते, तो खर्च अनुदानात धरला पाहिजे. डोंगर सगळ्या महाराष्ट्रासाठी राखायचा आणि त्याचा भुर्दंड फक्त डोंगरावरच्या भूमिहीनाने भरायचा, हा कुठला न्याय?

आता जळणाकडे येऊ. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशात बलियाला उज्ज्वला योजना सुरू झाली. घरोघरी टाक्या आल्या हे खरे आहे, नाकारण्यात अर्थ नाही. आमच्या आयांच्या डोळ्यांतले पाणी धुराचे होते आणि ते थांबावे ही मागणी आपलीच होती. पण टाकी येणे आणि टाकी भरून येणे यात फरक आहे. एका आजीला आम्ही विचारले, आजी, गॅस आहे ना? ती म्हणाली, "हाय की दादा. पाव्हणंरावळं आलं की चहापुरता पेटवायचा. आंघोळीचं पाणी काय गॅसवर तापवायचं व्हय?"

या एका वाक्यात सगळी योजना उघडी पडते. योजनेने धरून चालले आहे की जळण म्हणजे स्वयंपाक. डोंगरावर जळण म्हणजे स्वयंपाक, आंघोळीचे पाणी, पावसाळ्यात न वाळणारे कपडे, आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री अंग शेकणे. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी लागते. म्हाताऱ्या माणसाला ऊब लागते. उज्ज्वलाच्या टाकीवर केंद्र तीनशे रुपये देते, आधी वर्षाला बारा टाक्यांपर्यंत देत होते, २०२५-२६ पासून नऊपर्यंत. हे तीनशे गंगेच्या काठच्या सपाट गावाला आणि सह्याद्रीच्या माथ्यावरच्या वाडीला सारखेच. राज्याच्या अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन टाक्या मोफत, त्याही सगळीकडे सारख्याच. ८ एप्रिल २०२५ पासून टाकी पन्नास रुपयांनी वाढली, तीही सारखीच वाढली. सगळ्यांना सारखे दिले की समता झाली, असे ज्यांना वाटते त्यांनी बाबासाहेब वाचलेले नाहीत.

टाकी घरी कशी येते तेही वहीत आहे. नियम असा की टाकीच्या किमतीतच घरपोच आणून देण्याचा खर्च धरलेला असतो, आणि गिऱ्हाइकाने स्वतः गोदामातून उचलली तर तेवढी रक्कम वजा व्हायला हवी. आमच्या वस्त्यांवर उलटे चालते. गाडी डांबरी सडकेवर थांबते, तिथे वरचे पैसे द्यायचे आणि पुढे टाकी डोक्यावर घ्यायची. भरलेली टाकी तीस किलोच्या आसपास. ज्या दिवशी गाडी येते त्या दिवशी घरातल्या एकाची मजुरी बुडते. मग टाकीची खरी किंमत किती झाली? पावतीवरचे पैसे, अधिक वरचे पैसे, अधिक बुडालेली हजेरी. सरकारच्या हिशेबात यातली पहिलीच रक्कम येते. गंमत अशी की तेल कंपन्यांनी २०१६ मध्ये वितरकांचे जे प्रकार पाडले त्यांत एकाचे नावच 'दुर्गम क्षेत्रीय वितरक' असे आहे. म्हणजे दुर्गम भाग असतो हे त्यांनाही ठाऊक आहे.

रेशनवरचे रॉकेल टप्प्याटप्प्याने गेले. लाकूड तोडायला बंदी, ती योग्यच. वाळलेल्या काटक्या वेचायला गेले तरी अडवणूक. एका बाईची मोळी आणि कोयता दोन्ही काढून घेतल्याचे तिने सांगितले. कोणी घेतले ते इथे लिहीत नाही, कारण तिला उद्या पुन्हा त्याच वाटेने जायचे आहे. मग उरते काय? जिथे कामाला जाते त्या बंगल्यातल्या छाटलेल्या सिल्व्हर ओकच्या फांद्या, त्याही मालकाच्या मर्जीने. ज्या समाजाकडून वतनाच्या नावाखाली पाटलाच्या वाड्यावर लाकडे फोडून घेतली, त्या समाजाची बाई आज स्वतःच्या चुलीसाठी दुसऱ्याच्या अंगणातल्या फांद्या मागते. हा योगायोग नाही.

इथे कोणी म्हणेल, डोंगर तर सगळ्यांनाच सारखा आहे, मराठ्याला, धनगराला, मुसलमान घोडेवाल्याला. बरोबर आहे, आणि आमच्या वहीत त्यांचीही घरे आहेत. कातकऱ्यांचे तर घर म्हणावे असेही काही नाही. पण अंतराच्या खर्चावर जातीचा खर्च कसा चढतो हे सातारा जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. १९०१ सालची गोष्ट. साताऱ्यात शिकणारा लहान भीमा भावंडांबरोबर वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला आणि मसूर स्टेशनवर उतरला. मुले महाराची आहेत कळल्यावर एकही गाडीवान नेईना. शेवटी एक जण तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. आपण तो प्रसंग अपमानाचा म्हणून वाचतो, आणि तो आहेच. पण तो हिशेबाचाही प्रसंग आहे. तेच अंतर, तीच गाडी, तोच रस्ता. भाडे मात्र दुप्पट, आणि श्रमही आपलेच. आज गाडीवानाच्या जागी खोलीमालक आहे. पाचगणीत भाड्याची खोली बघायला गेलेल्या आमच्या एका सहकाऱ्याला आधी आडनाव विचारले आणि मग सांगितले की खोली पर्यटकांना द्यायची ठरली आहे. ती खोली पुढे आठवडाभर रिकामीच होती. त्याने गावाबाहेर घेतली, रोजचे जाण्यायेण्याचे पैसे वेगळे. हे जास्तीचे पैसे म्हणजे मसूरचे दुप्पट भाडे नाही तर काय?

मग हे सगळे विधिमंडळात कोण मांडणार?

हा प्रश्न विचारला की लोक हसतात, कारण सातारा जिल्ह्याइतका सत्तेत बसलेला जिल्हा आज महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. डिसेंबर २०२४ च्या मंत्रिमंडळात गृहनिर्माण खाते एकनाथ शिंदे यांच्याकडे आले, ज्यांचे मूळ गाव दरे याच महाबळेश्वर तालुक्यात आहे. घरकुले ज्या खात्यातून येतात ते ग्रामविकास माणच्या जयकुमार गोरे यांच्याकडे. मदत व पुनर्वसन वाईच्या मकरंद जाधव-पाटील यांच्याकडे, आणि पाचगणी त्यांच्याच मतदारसंघात. बांधकाम खाते सातारा-जावळीच्या शिवेंद्रसिंहराजे भोसले यांच्याकडे, पर्यटन पाटणच्या शंभूराज देसाई यांच्याकडे. घर, रस्ता, दरड, पर्यटक, सगळी खाती एका जिल्ह्यात. लोकांना याचा अभिमान वाटतो, आणि वाटू द्या. पण विधिमंडळाचे काम कसे चालते ते समजून घ्या. तारांकित प्रश्न आमदार विचारतो आणि मंत्री उत्तर देतो. मंत्री स्वतः प्रश्न विचारत नाही, लक्षवेधी मांडत नाही. वाई, सातारा आणि पाटण, म्हणजे सह्याद्रीची धार ज्या तीन मतदारसंघांतून जाते, त्या तिघांचेही आमदार मंत्री आहेत. म्हणजे उत्तर देणारे आपल्याकडे भरपूर आणि प्रश्न विचारणारा एकही नाही. जिल्ह्यात अनुसूचित जातींसाठी राखीव जागा एकच आहे, फलटणची, ती डोंगरापासून दूर पूर्वेला. आणि पुणे करारानंतर राखीव जागेवरचा माणूस कोणाच्या मतांवर निवडून येतो आणि कोणाला विचारून बोलतो, हे या लेखाच्या वाचकांना नव्याने सांगत नाही.

दूरच्या एका देशातले उदाहरण इथे उपयोगी पडेल. कॅनडाच्या उत्तर टोकाला नुनावुत नावाचा प्रदेश आहे, तिथे मूळचे इन्युइट लोक राहतात. गावागावाला जोडणारा रस्ता नाही, वीज डिझेलवर चालते आणि ते डिझेल उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर जहाजाने वर्षभराचे आणून साठवतात. म्हणजे तिथेही घर आणि जळण हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. थंडीत घर गरम राहिले नाही तर माणूस मरतो. २०१९ मध्ये तिथून मुमिलाक काकाक नावाची पंचवीस वर्षांची इन्युइट मुलगी संसदेत निवडून गेली. तिने काय केले? ती २०२० मध्ये गावोगाव घरांच्या आत गेली, बुरशी लागलेल्या भिंती आणि एका घरात कोंबलेली कुटुंबे पाहिली, आणि पुढच्या वर्षी त्याचा अहवाल संसदेपुढे आणला. जून २०२१ च्या निरोपाच्या भाषणात तिने सांगितले की संसदेच्या इमारतीत सुरक्षा रक्षक तिला अडवायचे, कारण ती तिथली वाटत नसे. पुढची निवडणूक तिने लढवली नाही. अहवाल मात्र राहिला. तिथली घरे सगळी झाली असे नाही, पण उत्तरेचे घर किती महाग पडते हे आता कोणाला नाकारता येत नाही.

आपल्याकडे ही पद्धत बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी घालून दिली. १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कौन्सिलात महार वतनाचे बिल मांडले, तेव्हा त्यांनी नुसता अन्याय सांगितला नाही. रात्रंदिवस राबणाऱ्या महाराला महिन्याला हाती काय पडते याचा जिल्ह्याजिल्ह्याचा हिशेब ठेवला. सप्टेंबर १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे बिल आणले, आणि ते कागदावर पडून राहते आहे असे दिसताच जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिलवर नेला. त्यात साताऱ्याचेही शेतकरी होते. आत बिल आणि बाहेर माणसे.

दोन्ही का लागतात, ते आपल्या डोंगराच्या पायथ्याशीच दिसते. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर आणि पुढे महाड. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर तळे खुले होते, पण कोणी जाऊ शकत नव्हते. ते २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंसह गेले तेव्हा खुले झाले. पण हेही ध्यानात ठेवा की बोलेंचा ठराव नसता तर त्या दिवशी हातात कायदेशीर आधार नसता. आपल्यातले काही तरुण म्हणतात, विधिमंडळाकडून काय होणार, रस्त्यावरच बोलू. काही म्हणतात, एक आमदार आपला असता तर सगळे झाले असते. महाड या दोघांनाही उत्तर देते.

म्हणून आम्ही वहीतून प्रश्न काढले आहेत, आणि ते विधान परिषदेतल्या आणि विरोधी बाकांवरच्या कोणत्याही पक्षाच्या सदस्याला द्यायला तयार आहोत. पक्ष बघणार नाही. घरकुलाच्या नियमांत दुर्गम भाग कोणता हे ठरवण्याचे काम राज्यावर सोपवलेले आहे. दिल्लीकडे बोट दाखवायची सोय इथे नाही. मग महाबळेश्वर, जावळी आणि पाटण तालुक्यांतली कोणती गावे घरकुलासाठी दुर्गम धरली आणि कोणती सर्वसाधारण, याची गाववार यादी पंचायत समितीच्या भिंतीवर लावणार का? महाबळेश्वर तालुका राज्याच्या डोंगरी विकास कार्यक्रमात आहे, तर तोच निकष घरकुलाला का नको? दहा हजारांचा फरक कोणत्या बांधकामाच्या अंदाजपत्रकावरून काढला, ते अंदाजपत्रक सभागृहापुढे ठेवणार का? डोंगरी गावांत घरकुलाचा पहिला हप्ता दिवाळीआधी आणि छताचा हप्ता फेब्रुवारीआधी देण्याचा आदेश निघणार का? याला तर एक रुपयाही जास्त लागत नाही. रस्त्यापासून लांब असलेल्या वाड्यांना टाकीच्या वाहतुकीचे पैसे अन्नपूर्णा योजनेतून देणार का? पाच ब्रास वाळूसोबत तिचे गाडीभाडे धरणार का? आणि घरकुलासाठी जागा नसलेल्या अनुसूचित जातींच्या कुटुंबांना या तीन तालुक्यांत आजवर प्रत्यक्ष किती जागा दिल्या?

उत्तर 'होय' आले तर तो शब्द रेकॉर्डवर येतो. 'नाही' आले तरी येतो, आणि ते घेऊन ग्रामसभेत उभे राहता येते. सगळ्यात वाईट उत्तर असते 'माहिती घेण्यात येत आहे'. ते येऊ नये म्हणूनच माहिती आपण आधी घ्यायची.

पुढच्या ग्रामसभेच्या आत जावळी आणि पाटणच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या वाड्यांतली वही भरावी. टाकी, सिमेंट, सळई, वाळू, प्लास्टिकचा कागद, प्रत्येकाची पावती जपून ठेवायला लोकांना सांगा. पावती मिळाली नसेल, आणि बहुतेक वेळा मिळत नाही, तर तारीख, रक्कम आणि किती अंतर डोक्यावरून आणले ते लिहून खाली घरातल्या बाईची सही घ्या. पुरुषाची नको, टाकी कितीला पडली हे तिलाच नक्की माहीत असते.

जय भीम.